शंभर किलो हळद, बारा किलो वाफ

जानेवारी सरत आला की कृष्णाकाठच्या गावांत आणि तिकडे वसमत, हिंगोली, नांदेडच्या पट्ट्यात हळदीची काढणी जोरात येते आणि तिच्या मागोमाग ट्रॅक्टरला जोडलेले हळद शिजवण्याचे बॉयलर शिवारातल्या वाटांवर दिसू लागतात. मधोमध लोखंडी बॉयलर, त्याच्या पोटात भट्टी, वर धुराडे, भोवती काही पिंपे आणि त्यांना वाफ पोचवणारे नळ, एवढाच त्याचा पसारा असतो. यातले बहुतेक बॉयलर तालुक्याच्या गावातल्या कारागिरांनी, हाताशी असलेल्या पत्र्यातून आणि अनुभवाच्या जोरावर उभे केले आहेत, आणि त्यांनी हळद उत्पादकांचे कष्ट किती कमी केले हे मी जवळून पाहिले आहे. मी यंत्र अभियंता आहे, वाफेची आणि उष्णतेची कामे करतो, आणि आमच्या घरी हळद असते. त्यामुळे हा बॉयलर आज लागते त्याहून बऱ्याच कमी जळणावर चालेल आणि लहानशा गाड्यावर मावेल असा कसा करता येईल, हा विषय माझ्या डोक्यात बरीच वर्षे घोळतो आहे. कागदावर आकडे मांडत गेलो तसतशी एक गोष्ट पक्की होत गेली. लहान बॉयलरचा आराखडा भट्टीपासून सुरू करून चालत नाही. तो हळदीपासून सुरू करावा लागतो.

हळद शिजवायची कशासाठी, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. ओल्या हळकुंडात वजनाच्या सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते आणि उरलेल्या भागात मुख्यतः पिष्ट असते. शिजवल्याने ते पिष्ट फुलते, रंग हळकुंडभर सारखा पसरतो, कच्चा वास जातो, कोंब फुटण्याची शक्ती संपते आणि पुढे उन्हात वाळायला दिवस कमी लागतात. कमी शिजलेली हळद वाळल्यावर आतून एकसारखी होत नाही आणि जास्त शिजली तर रंगाला मार बसतो. म्हणून जेठे गड्डे (मूळचे जाड कंद), बगल गड्डे (त्यांच्या बाजूचे कंद) आणि हळकुंडे वेगवेगळी शिजवायची, कारण जाड गड्ड्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो आणि तोवर बारीक हळकुंडांचा गाळ होतो. शिजली की नाही हे पाहण्याची रीत आजही तीच आहे : एक हळकुंड काढायचे, बोटांनी दाबून पाहायचे, आणि बारीक काडी टोचून ती अडखळल्याशिवाय आरपार जाते का ते पाहायचे.

पूर्वी हे सगळे काहिलीत होई. चुलाणावर काहिल चढवायची, तीत हळद बुडेल इतके पाणी घालायचे, वर पाला आणि गोणपाट टाकायचे, आणि फेस येऊन हळदीचा विशिष्ट वास सुटेपर्यंत तासभर जाळ लावायचा. हळदीबरोबर तितकेच पाणीही तापवावे लागे. तेच पाणी पुढच्या घाण्यांना वापरले जाई, हे खरे. पण उघड्या काहिलीवरून उडणारी वाफ आणि चुलाणाच्या तोंडातून बाहेर लपलपणारा जाळ यांचा खर्च प्रत्येक घाण्याला नव्याने करावा लागे. बांधावरच्या बाभळी कोणत्या कामासाठी तुटल्या, हे हळदीच्या गावांतल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. वाफेने शिजवण्याची पद्धत आली तेव्हा या खर्चाला पहिल्यांदा आळा बसला. तो पूर्ण बसावा असे मला वाटते, म्हणूनच हा सगळा हिशोब.

समजा, एक क्विंटल ओली हळद २५ अंशांवरून ९८ अंशांपर्यंत न्यायची आहे. हळदीत पाणी पुष्कळ असल्याने एक किलो हळद एक अंशाने तापवायला सुमारे ०.८४ किलोकॅलरी लागते. शंभर किलोला ७३ अंश चढवायला ६,१०० किलोकॅलरीच्या आसपास लागतील. वाफ पाण्यात परतते तेव्हा किलोमागे ५४० किलोकॅलरी सोडते. म्हणजे हळदीला हवी ती सगळी उष्णता साडेअकरा किलो वाफेत आहे. पिंपाचा पत्रा तापवायला अर्धा किलो धरला तरी बारा किलो. ही बारा किलो वाफ तयार करायची तर २५ अंशांच्या पाण्याला किलोमागे ६१५ किलोकॅलरी द्याव्या लागतात, म्हणजे एकूण ७,४०० च्या घरात. चांगल्या वाळलेल्या लाकडात किलोमागे सुमारे ३,५०० किलोकॅलरी असतात. बॉयलरने त्यांतल्या साठ टक्के पाण्यात उतरवल्या, तर क्विंटलभर हळदीला साडेतीन किलो लाकूड पुरते.

साडेतीन किलो. हळद शिजवणाऱ्या कोणालाही हा आकडा सांगितला तर त्याचा विश्वास बसणार नाही, आणि तो बसू नये हेच बरोबर आहे, कारण प्रत्यक्षात जळण याच्या कितीतरी पट जाते. पण हा आकडा चुकीचा नाही. तो तळाचा आकडा आहे, आणि प्रत्यक्षातला खर्च व हा तळ यांच्यामधल्या अंतरात जे जे काही सांडते, ते ओळखणे आणि अडवणे यालाच मी आराखडा म्हणतो.

सर्वांत मोठी सांड बॉयलरमध्ये नसते, पिंपात असते. दोनशे लिटरच्या पिंपात साधारण एक क्विंटल हळद मावते. वाफ खालून, जाळीच्या तळातून आत येते. पहिली काही मिनिटे वरून काहीच बाहेर पडत नाही. सगळी वाफ थंड हळकुंडांवर पाणी होऊन खाली ठिबकत असते. तापलेला थर तळापासून वर सरकत जातो, आणि पिंपाच्या अंगावरून हात दोन बोटे अंतरावर फिरवला तर तो कुठवर आला आहे हे चटका जाणवून कळते. तो थर वरच्या हळदीपर्यंत पोचला की झाकणाच्या कडेने पांढरी वाफ सुटते. या क्षणानंतर हळदीला नवी उष्णता जवळजवळ लागत नाही, फक्त गाभा शिजेपर्यंत ती गरम राहायला हवी असते. पण हळदीच्या फडावर नेमका याच क्षणापासून वाफेचा लोट सुरू होतो आणि तो मोठा, जोमदार दिसला की काम जोरात चालले आहे असे वाटते. बाहेर जाणारी ती प्रत्येक किलो वाफ आपल्याबरोबर ६१५ किलोकॅलरी आणि अंदाजे तीनशे ग्रॅम लाकूड घेऊन जाते.

यावरचा उपाय लोखंडाचा कमी आणि नळजोडणीचा जास्त आहे. पिंपे एकापुढे एक जोडायची : पहिल्या पिंपाच्या झाकणातून सुटलेली वाफ नळाने दुसऱ्या, थंड पिंपाच्या तळाशी न्यायची. पहिले शिजेपर्यंत दुसरे अर्धे तापलेले असते. पहिले रिकामे करायला घेतले की ताजी वाफ दुसऱ्याला द्यायची आणि त्याची उरलेली तिसऱ्याला. यासाठी प्रत्येक पिंपाला दोन व्हॉल्व्ह आणि झाकणाला रबराची वादी लागते, एवढेच. दुसरी गोष्ट म्हणजे पिंपांना बाहेरून पांघरूण. ९५ अंशांवर असलेले उघडे पिंप वाऱ्याशिवायही दीड किलोवॉटच्या आसपास उष्णता हवेत सोडते. चार पिंपे धरली तर तासाला दहा किलो वाफ नुसता परिसर तापवण्यात जाते. माघात पहाटे शिवारात वारा सुटलेला असतो तेव्हा ती आणखी जाते. दोन इंच काचलोकर आणि तीवर पातळ पत्रा लावला तर यातला बहुतेक भाग वाचतो.

आता याचा बॉयलरच्या आकाराशी संबंध पाहा. तासाला सहा क्विंटल हळद शिजवायची आहे आणि सांडलवंड धरून क्विंटलला वीस किलो वाफ लागते, तर बॉयलर तासाला १२० किलो वाफेचा हवा. पिंपे ओळीने जोडून आणि झाकून तीच गरज चौदा किलोवर आणली, तर ८४ किलोचा बॉयलर पुरतो. लाकडावर चालणाऱ्या, नळ्यांच्या साध्या बॉयलरला एक चौरस मीटर तापपृष्ठातून, म्हणजे एका बाजूने जाळ किंवा गरम वायू आणि दुसऱ्या बाजूने पाणी लागणाऱ्या पत्र्यातून, तासाला वीस किलो वाफ मिळेल असे धरतात. म्हणजे सहा चौरस मीटरऐवजी सव्वाचार. बॉयलरला हात न लावता त्याचा जवळपास तिसरा हिस्सा कमी झाला, आणि जळणही त्याच प्रमाणात उतरले. लहान आकार आणि कमी जळण या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असे सहसा मानले जाते. बॉयलरपासून विचार सुरू केला तर त्या खरोखरच आड येतात. हळदीपासून केला तर पहिला मोठा टप्पा दोघी एकत्रच चालतात.

यानंतर दाबाचा प्रश्न येतो, आणि या बाबतीत माझे मत ठाम आहे. हळदीला शंभर अंशांची वाफ हवी आहे, आणि मोदकपात्रात जी वाफ असते तीही शंभर अंशांचीच असते. नळांतून आणि हळदीच्या थरातून वाफ ढकलण्यापुरता थोडासा दाब सोडला, तर जास्त दाबाचा इथे काही उपयोग नाही. तरीही दाब चढवला की बॉयलर ‘ताकदवान’ झाला असे वाटते. ही ताकद कोठे साठते ते पाहिले पाहिजे. साठ सेंटिमीटर व्यासाच्या बॉयलरच्या एका टोकाच्या पाटीचे क्षेत्रफळ सुमारे २,८०० चौरस सेंटिमीटर भरते. चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो दाब असेल तर त्या पाटीवर चौदाशे किलोचा रेटा असतो. तोच दाब सात किलोवर नेला की रेटा जवळजवळ वीस टनांचा होतो. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे आतले पाणी. सात किलो दाबाला पाणी १७० अंशांवर असते. बॉयलर फाटून दाब एकदम उतरला तर त्यातले तेरा टक्के पाणी त्या क्षणी वाफ होते. तीनशे किलो पाण्यातून चाळीस किलो वाफ, आणि मोकळ्या हवेत तिला ६५ घनमीटरांहून जास्त जागा हवी असते. अर्ध्या किलो दाबाला पाणी १११ अंशांवर असते आणि एकदम वाफ होणारा भाग दोन टक्के असतो. अपघाताची भीषणता पत्र्याच्या जाडीवर जेवढी ठरते त्याहून अधिक या फरकावर ठरते.

वाफेच्या इतिहासात हे धडे माणसांच्या जिवावर शिकले गेले आहेत. इंग्लंडमधल्या रिचर्ड ट्रेव्हिथिक या अभियंत्याने अधिक दाबाची वाफ वापरून इंजिन लहान केले, आणि १८०३ साली त्याचा ग्रीनविच येथील एक बॉयलर फुटून चार माणसे दगावली, कारण सुरक्षा झडप अडकवून ठेवलेली होती. त्यानंतर त्याने आपल्या बॉयलरला दोन झडपा आणि पाणी उतरल्यावर वितळणारा शिशाचा खिळा बसवायला सुरुवात केली. आपल्याकडे १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला आणि त्यातूनच १८६४ चा बंगालचा कायदा आला. पुढे १९२३ मध्ये देशभरासाठी एक कायदा झाला, आणि त्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. २००७ च्या दुरुस्तीपासून पंचवीस लिटरपेक्षा कमी क्षमतेची किंवा एक किलोपेक्षा कमी दाबाची पात्रे कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत. हळदीचा बॉयलर अर्ध्या किलोच्या आत ठेवला तर तो व्याख्येबाहेर राहतो. पण परवान्यातून सुटका म्हणून याकडे पाहणे मला मान्य नाही. तपासनीस येणार नसेल तर त्याची जबाबदारी आराखडा काढणाऱ्यावर आणि बांधणाऱ्यावर येते, आणि ती जास्त काटेकोरपणे पाळली पाहिजे.

कमी दाबाचा एक मोठा फायदा असा की इथे न अडकणारी सुरक्षा बसवता येते. चौरस सेंटिमीटरला ०.२ किलो दाब म्हणजे दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. बॉयलरच्या वाफेच्या जागेतून इंग्रजी यू अक्षरासारखा वळवलेला, वर उघडा असा रुंद नळ काढला आणि त्यात दोन मीटर पाणी उभे ठेवले, तर दाब मर्यादेपलीकडे जाताच वाफ ते पाणी उडवून देऊन मोकळी होते. त्यात स्प्रिंग नाही, गंजणारी बैठक नाही, आणि कोणी तारेने बांधून ठेवावा असा काही भागही नाही. मात्र नळाचे उघडे तोंड माणसांच्या वावरापासून दूर, वरच्या बाजूला काढायला हवे आणि नळ इतका रुंद हवा की पूर्ण जाळ असतानाची सगळी वाफ त्यातून निघून जाईल. याच्या जोडीला साधी सुरक्षा झडप, काचेची पाणीपातळी आणि वितळणारा खिळा हवाच. पाणी कमी होऊन नळ्या उघड्या पडणे हा धोका कमी दाबातही तसाच राहतो.

आता बॉयलरच्या पोटात शिरू. जुन्या पद्धतीच्या बॉयलरमध्ये जाळ फक्त तळाला लागतो. सव्वा मीटर व्यासाच्या गोल तळाचे तापपृष्ठ सव्वा चौरस मीटरच्याही आत असते, म्हणून त्यावरून निघालेला वायू धगधगता असतानाच धुराड्यात जातो. याचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वी सापडले आहे. ऑक्टोबर १८२९ मध्ये इंग्लंडमध्ये रेनहिलच्या आगगाडीच्या इंजिनांच्या शर्यतीत जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन यांचे ‘रॉकेट’ इंजिन उतरले, तेव्हा हेन्री बूथच्या सूचनेवरून त्याच्या बॉयलरमध्ये एका जाड धूरनळाऐवजी तीन इंची तांब्याच्या पंचवीस नळ्या घातलेल्या होत्या. फ्रान्समध्ये मार्क सेगँ याने हीच कल्पना स्वतंत्रपणे पुढे आणली होती. तेवढ्याच आकाराच्या बॉयलरमध्ये पृष्ठभाग अनेक पटींनी वाढवण्याची ही युक्ती आजही प्रत्येक लहान बॉयलरचा पाया आहे. हळदीच्या बॉयलरसाठी पन्नास मिलिमीटर व्यासाची एक मीटर लांब नळी घेतली तर तिचे पृष्ठ ०.१५७ चौरस मीटर भरते. अशा वीस नळ्यांचे तीन चौरस मीटरहून थोडे जास्त झाले, भट्टीच्या भिंतींचे एक चौरस मीटर धरले की सव्वाचारचा हिशोब पुरा होतो, आणि हे सगळे साठ सेंटिमीटर व्यासाच्या नळकांड्यात सुखाने बसते.

पृष्ठ मिळाले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. वीसही नळ्यांतून वायू एकदम सोडला तर तो इतका सावकाश जातो की नळीच्या मध्यातला गरम गाभा भिंतीला न शिवताच वर निघून जातो. तोच वायू दहा नळ्यांतून वर आणि दहा नळ्यांतून खाली असा दोन फेऱ्यांत फिरवला तर वेग दुप्पट होतो, प्रवाह घुसळला जातो आणि भिंतीला मिळणारी उष्णता चांगलीच वाढते. आणखी एक स्वस्त उपाय आहे : नळीत जेमतेम मावेल इतक्या रुंदीची लोखंडी पट्टी पिळून नळीत सारायची. पकडीत एक टोक धरून दुसरे पान्ह्याने फिरवत गेले की पट्टीला पीळ बसतो. वायू त्या पिळाबरोबर गरगरत भिंतीकडे लोटला जातो. काजळी काढायच्या वेळी पट्टी ओढून घेता येते, आणि ती बाहेर येताना नळीही खरवडून काढते. अतिशय बारीक नळ्या घेतल्या तर बॉयलर याहूनही लहान होतो, पण लाकडाच्या आणि पाल्यापाचोळ्याच्या धुराने त्या दिवसभरात तुंबतील. तीन मिलिमीटर काजळी जळण अडीच टक्क्यांनी वाढवते असे ऊर्जा बचतीच्या पुस्तिकांत दिलेले असते. दररोज नळ्या झाडता येतील असे दार समोर ठेवणे हे दहा नळ्या जास्त घालण्यापेक्षा मोलाचे आहे.

या सगळ्याची किंमत ओढीत, म्हणजे वायू भट्टीतून धुराड्याकडे खेचण्याच्या जोरात, मोजावी लागते. पाच मीटर उंचीच्या धुराड्यात २५० अंशांचा वायू असेल तर त्याची ओढ केवळ २४ पास्कल, म्हणजे पाण्याच्या अडीच मिलिमीटर स्तंभाइतकी भरते. माझ्या आकडेमोडीने दोन फेऱ्यांच्या नळ्यांनाच पन्नास-साठ पास्कल हवे असतात. धुराडे उंच करावे तर गाडा रस्त्याने नेता येत नाही. वायू गरम सोडावा तर जळण वाया जाते. धुराचे तापमान बावीस अंशांनी चढले की कार्यक्षमता एका टक्क्याने उतरते, हे या धंद्यातले सर्वमान्य गणित आहे. ही कोंडी छोट्या पंख्याने सुटते. भट्टीच्या जाळीखालून थंड हवा फुंकणारा, ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, पन्नास वॉटच्या आतला पंखा या कामाला पुरतो, आणि हवा थंड असल्याने तो जळतही नाही. फक्त भट्टीचे दार उघडताच पंखा आपोआप थांबेल असा खटका दाराच्या बिजागरीशी हवाच, नाही तर जाळ सरळ जळण घालणाऱ्याच्या अंगावर येतो.

बॉयलरचा प्रत्येक भाग दाबून लहान करता येतो असेही नाही. भट्टी तशी करता येत नाही. वाळलेल्या लाकडाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग जळण्यापूर्वी वायू होतो आणि त्या वायूला ज्योत होऊन पूर्ण जळायला जागा, गरमी आणि वरून थोडी हवा लागते. ज्योत जळत असतानाच पाण्याने गार असलेल्या पत्र्याला टेकली तर ती विझते आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन नळ्यांत बसतो. डिझेलच्या बर्नरला लहानशी भट्टी पुरते म्हणून लाकडालाही ती पुरेल असे समजणे हे लहान बॉयलरांच्या काळ्या धुराचे मुख्य कारण आहे. माझ्या आराखड्यात जाळीभोवतीचा खालचा भाग अग्निविटांचा आहे, त्यांच्या वरच्या ओळीत दुय्यम हवेची छिद्रे आहेत, आणि ज्योत संपल्यावरच पाण्याच्या भिंती सुरू होतात. यामुळे उंची हातभर वाढली आणि ती मी आनंदाने वाढू दिली. सांगलीकडे ऊसपट्ट्यातले चिपाड आणि हाती लागेल ते लाकूड, मराठवाड्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या, असे जळण बदलत जाते. काड्यांचे जळण भसकन पेटून लांब ज्योत देते, तेव्हा ही जास्तीची उंची उपयोगी पडते. जळण वाळलेले असणे तर सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. निम्मे वजन पाणी असलेल्या ओल्या लाकडात किलोमागे उपयोगी उष्णता चांगल्या वाळलेल्याच्या जेमतेम निम्मी उरते. दिवाळीला तोडून आडोशाला रचलेले जळण माघापर्यंत चांगले वाळते, त्यासाठी कोणताही आराखडा लागत नाही.

एका मोहाबद्दल लिहिले पाहिजे. फ्रान्समध्ये लेऑन सेर्पोलेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ क्षणात वाफ देणारा नळीचा बॉयलर केला आणि १९०२ मध्ये त्याच्या वाफेच्या मोटारीने नीस येथे ताशी १२० किलोमीटरचा वेग गाठला. अमेरिकेत अॅब्नर डोबलने १९२० च्या दशकात एकाच लांबलचक नळीची गुंडाळी करून असा बॉयलर बनवला की थंड गाडी मिनिटभराच्या आत निघू शके. १९३३ मध्ये बेस्लर बंधूंनी अमेरिकेतल्याच ऑकलंडला वाफेवर विमान उडवून दाखवले. यांत पाणी इतके थोडे असते की नळी फाटली तरी मोठा अनर्थ होत नाही. हे वाचून मन भारावते आणि मीही अशी गुंडाळी कागदावर काढून पाहिली आहे. पण त्या यंत्रांना क्षणात वाढवता-घटवता येणारे द्रव इंधन, न थांबणारा पंप आणि अतिशय स्वच्छ पाणी हवे असते. लाकडाचा जाळ पंप थांबला म्हणून थांबत नाही, आणि विहिरीचे पाणी नळीच्या आत जे सोडते ते खरवडून काढायला तिथे हातच पोचत नाही. तीनशे लिटर पाणी पोटात असलेला बॉयलर जाळातले चढउतार पोटात घालतो आणि माणसाला दहा मिनिटे उसंत देतो. शेतावरच्या कामात ही उसंत मला लहान आकारापेक्षा मोठी वाटते.

पाण्याचा विषय मात्र दोन्हींत सुटत नाही. तासाला ८४ किलो पाणी वाफ होऊन जाते, त्यातले क्षार मागे राहतात. ऊसपट्ट्यातल्या अनेक विहिरींचे पाणी जड असते, आणि एक मिलिमीटर क्षाराचा थर जळण पाच ते आठ टक्क्यांनी वाढवतो. म्हणून तळाला झडप, दर घाण्यांनंतर थोडे पाणी सोडण्याची शिस्त आणि हात घालून धुता येईल असे झाकण, या तीन गोष्टी आराखड्यात सुरुवातीपासून हव्यात. नंतर त्या बसवायला जागा राहत नाही. पिंपांच्या तळातून ठिबकणारे पिवळे गरम पाणी बॉयलरला परत देता येत नाही, पण त्याच्या हौदात तांब्याच्या नळीची गुंडाळी बुडवून तीतून ताजे पाणी बॉयलरकडे नेले तर ते सत्तर अंशांपर्यंत तापू शकते. पंचेचाळीस अंश फुकट मिळाले म्हणजे ६१५ पैकी ४५ किलोकॅलरी, सात टक्के जळण. काढणीच्या दिवसांत पावसाच्या टाकीचे किंवा गोड्या बोअरचे पाणी जवळ असेल तर बॉयलरसाठी तेच राखून ठेवावे.

हे सगळे करून बॉयलर बांधला, तरी त्याचा मालक तो क्विंटलमागच्या दराने चालवणार, आणि त्याला दिवसाअखेर किती पिंपे उतरली हेच मोजायचे असते. जळण शेतकऱ्याचे असते, त्यामुळे ते वाचल्याचा लाभ यंत्रवाल्याला दिसत नाही. माझ्या मते दरात जळण धरूनच बोलणी व्हायला हवीत. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या हळद संशोधन योजनेसारख्या ठिकाणी वेगवेगळ्या बॉयलरांची क्विंटलमागची लाकडाची वजने एकाच हळदीवर, एकाच दिवशी घेऊन जाहीर केली तर शेतकऱ्याला निवड करता येईल. तोवर आपल्या शेतावर येणाऱ्या कोणत्याही यंत्राच्या धुराड्याच्या मुळाशी एक छिद्र पाडून पाचशे अंशांपर्यंतचे तबकडीचे तापमापक बसवून घ्यावे. काटा साडेतीनशेच्या वर राहिला तर नळ्या काजळल्या आहेत किंवा जाळ जास्त आहे. दीडशेच्या खाली गेला आणि धूर काळा असेल तर हवा कमी पडते आहे किंवा जळण ओले आहे. झाकणातून वाफ सुटली की व्हॉल्व्ह आवळायचा, आणि काटा पाहून पुढचे लाकूड घालायचे की थांबायचे ते ठरवायचे.